वाटेंत भेटणारा हत्ती

सुगी आटोपून खळीं रिकामीं झालीं, म्हणजे आपल्याकडील शेतकरी मंडळींस अलीकडे प्रवासाचे वेध लागतात. पूर्वीं पंढरपूर, जोतिबा, तुळजापूर येवढ्यावर भागत असे. आतां म्हैसूर, उटी, रामेश्वर, कन्याकुमारी अशा लांबच्या सफरी पांचपंचवीस असामी एकत्र जमून, एखादी मोठी मोटार ठरवून करितात. ह्या सफरींविरुद्ध आमची कांहींएक तक्रार नाहीं. दुसऱ्या मुलखांतली शेती स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिल्यानें जें ज्ञान मिळतें तें दहा व्याख्यानें ऐकून मिळत नाहीं, असें आमचें मत आहे. परंतु परत आलेल्या मंडळींच्या तोंडून एक हकीकत आम्हीं इतक्या वेळां ऐकिली, व तिच्यासोबतचीं छायाचित्रें इतक्या वेळां पाहिलीं, कीं तिजविषयीं चार शब्द ह्या मासिकांत लिहिणें आम्हांस अवश्य वाटूं लागलें. ती हकीकत अशी: बंदीपूरच्या रानांत रस्त्याकडेला हत्ती भेटला, मोटार उभी केली, त्यास केळीं घातलीं, गुळाचा खडा दिला, नमस्कार केला, आणि पुढें निघालों.

ही हकीकत सांगणाऱ्याच्या मनांत वाईट कांहीं नसतें. गजाननाचें रूप साक्षात् पुढें उभें राहिलें असतां हात आपोआप जोडले जातात, आणि देवापुढें रिकाम्या हातानें जाऊं नये ही आपली रीत. शिवाय शेतकऱ्याचा हात मूळचाच देता. परंतु हें देणें त्या मुलखांतील दुसऱ्या शेतकऱ्याच्या पदरांतून वजा होतें, हें प्रवाशाच्या ध्यानांत येत नाहीं. कारण पुढच्या दोन तासांत तो नीलगिरीच्या थंड हवेंत पोंचलेला असतो. आमच्या मतें रस्त्यावर भेटलेल्या रानहत्तीस कोणीहि, विशेषतः शेतकऱ्यानें, खाण्याचा एक कणहि घालूं नये, व त्याच्यासाठीं मोटारींतून खालीं उतरूं नये. ह्या मताचीं कारणें आम्हीं पुढें दिलीं आहेत.

प्रथम मुलूख कसा आहे तें सांगतों. म्हैसुराहून दक्षिणेस सुमारें 60 किलोमीटरांवर गुंडलुपेट हें तालुक्याचें गांव लागतें. तेथें रस्त्यास दोन फांटे फुटतात. एक बंदीपूर व मुदुमलै ह्या रानांतून नीलगिरीकडे जातो, व दुसरा मुत्तंगाच्या बाजूनें केरळांतील सुलतान बत्तेरीस जातो. ह्या दोन्ही रस्त्यांच्या आजूबाजूचें रान आणि पश्चिमेकडील नागरहोळेचें रान मिळून जो पट्टा होतो, त्यांत जितके रानहत्ती आहेत तितके आशियाखंडांत दुसरीकडे क्वचितच एकत्र सांपडतील. लिदेंतील जनुकांच्या परीक्षेवरून केलेली हत्तींची जी गणती 2025 सालीं प्रसिद्ध झाली, तींत सबंध भारतांत 22,446 हत्तींचा अंदाज असून त्यांपैकीं 6,013 एकट्या कर्नाटकांत आहेत. तेव्हां ह्या वाटेवर हत्ती दिसणें ही मोठीशी अपूर्वाई नव्हे. 2009 सालापासून ह्या दोन्ही रस्त्यांवर रात्रीं 9 वाजल्यापासून सकाळीं 6 पर्यंत, थोड्या ठरलेल्या गाड्या वगळून, वाहतूक बंद ठेविली जाते ती जनावरांसाठींच. वायनाडच्या लोकांस ह्या बंदीचा जाच होतो, त्यांनीं 2019 सालीं सुलतान बत्तेरी येथें उपोषणेंहि केलीं, आणि त्यांची अडचण खोटी आहे असें आम्ही म्हणणार नाहीं; पण तो विषय निराळा.

आम्ही ह्या वाटेनें तीन वेळां गेलों आहों. पैकीं दुसऱ्या खेपेस, दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांनीं, मुदुमलैच्या हद्दीच्या अलीकडे पुढची एक मोटार थांबली म्हणून आमच्या मोटारवाल्यासहि थांबावें लागलें. डाव्या हातास, रस्त्यापासून वीस-पंचवीस हातांवर, दोन हत्तिणी चरत होत्या व त्यांच्याबरोबर एक लहान पिल्लूं होतें. इतक्या जवळून रानहत्ती पाहण्याचा आमचा तो पहिलाच प्रसंग. पहिल्यानें मनांत भरलें तें त्यांचें निःशब्द चालणें. येवढा अवाढव्य देह, पण पाचोळ्यावर पाय पडल्याचा आवाज नाहीं. गवत उपटल्याची सरसर तेवढी ऐकूं येत होती, आणि मधून मधून पोटांतून आल्यासारखा एक खोल घुमारा. त्यानें तीं जनावरें एकमेकांशीं बोलतात. थोरली हत्तीण सोंडेनें गवताचा झुबका धरी, पुढच्या पायानें बुडख्यास ठोकर देऊन तो सोडवी, आणि मग ती मूठ आपल्याच पायावर तीन-चार वेळां आपटून मुळांची माती झाडी. खुरपणींत हराळी उपटून आपली बाई जशी माती झटकते, अगदी तशी. माती नीट झडल्याशिवाय घास तोंडांत जात नसे. पिल्लूं आईच्या पुढल्या पायांमध्यें तोंड घालून पीत होतें. हत्तिणीचीं थानें गाईम्हशींसारखीं मागें नसून पुढच्या पायांमध्यें असतात, हें आम्हांस तोंवर ठाऊक नव्हतें. सुळे दोघींसहि नव्हते. आफ्रिकेंतल्या हत्तिणीस सुळे येतात; आपल्याकडे बाहेर दिसणारे लांब सुळे नरासच, आणि कांहीं नरांसहि ते येत नाहींत, त्यांस मकना म्हणतात. कानांच्या कडा व सोंडेचें मूळ गुलाबी ठिपक्यांनीं भरलेलें, पाठीवर वाळलेला चिखल, आणि वाऱ्याबरोबर येणारा गोठ्यासारखा वास. आम्ही कांच अर्धी लावून हें सर्व पाहत बसलों होतों, आणि त्याहून अधिक कांहीं पाहिजे होतें असें आम्हांस तेव्हां वाटलें नाहीं व आतांहि वाटत नाहीं.

इतक्यांत पुढल्या मोटारींतून दोन तरुण खालीं उतरले. एकाच्या हातांत केळ्यांची फणी, दुसऱ्याच्या हातांत मोबाईल. थोरलीनें चरणें थांबविलें. तिनें कान पंख्यासारखे पसरले, शेपूट ताठ केलें, डोकें उंच केलें, आणि कर्कश आवाज करून ती पांच-सहा पावलें धांवून आली. ते दोघे मोटारींत कसे शिरले तें त्यांचें त्यांसच ठाऊक. एकाची चप्पल रस्त्यावरच राहिली. हत्तीण तेथेंच थांबली, वळली, व पिल्लास पुढें घालून झाडींत गेली. दुसरी मात्र मागें रेंगाळली. रस्त्याच्या कडेस पडलेली केळ्यांची फणी तिनें हुंगिली, सोंडेनें उचलली, आणि सालीसकट खाल्ली. जिवावरचा प्रसंग टळला म्हणून आमच्या मोटारींतील मंडळींनीं गजाननाचा जयजयकार केला. आमच्या मनांत मात्र ती फणीच घोळत राहिली. धांवून आलेली हत्तीण माणसास भ्याली होती, आणि तें भय तिच्या व माणसाच्या दोघांच्याहि हिताचें होतें. मागें राहिलेली हत्तीण त्या दिवशीं कांहीं निराळेंच शिकून गेली.

सर्वांचेंच असें निभावतें असें नाहीं. 2025 च्या ऑगस्टांत बंदीपूरच्या ह्याच बाजूस एक इसम हत्तीबरोबर स्वतःचें छायाचित्र काढावयास खालीं उतरला. हत्तीनें पाठलाग करून त्यास पाडलें व तुडविलें. तो वांचला तें केवळ दैवानें. वन खात्यानें त्यास 25,000 रुपये दंड केला, हें आमच्या मतें योग्यच झालें.

आतां केळ्याचा हिशेब पाहूं. पूर्ण वाढलेला हत्ती दिवसास सुमारें 150 किलो चारा खातो. आपल्या सहा-सात बैलांची ही हिरवी वैरण झाली. दिवसाचे सोळा-अठरा तास तो चरण्यांत घालवितो, कारण खाल्लेल्यापैकीं निम्मेंहि त्याच्या अंगीं लागत नाहीं. अशा जनावरास डझनभर केळ्यांनीं कोणतें पोषण होणार? पोटाच्या दृष्टीनें तें नाहींच्या बरोबर. पण जिभेच्या व बुद्धीच्या दृष्टीनें त्याचा परिणाम फार मोठा. आपल्या वाचकांस हें समजावून सांगण्यास दूर जावयास नको. देवास सोडलेला पोळ पुष्कळांनीं आपल्या लहानपणीं पाहिला असेल. दारोदार भाकर, पेंड, दाणे खाऊन माजलेला, माणसाच्या हातास सोकावलेला, काठीस न भिणारा तो पोळ रात्रीं कोणाच्या जोंधळ्यांत शिरे तें सर्वांस ठाऊक असे. आणि त्यास मारणें पाप म्हणून त्याच्या पुढें सर्व गांव हात टेकी. दिवसां त्यास भाकर घालणारे घर एक, आणि रात्रीं त्यानें खाल्लेलें शेत दुसऱ्याचें. हत्ती हा त्याहून कैक पट वजनाचा पोळ आहे, व त्याची स्मरणशक्ति पोळाहून कितीतरी तीव्र आहे.

ह्या बाबतींत एक शास्त्रीय माहिती शेतकऱ्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेंतील रामन सुकुमार ह्यांनीं 1981 ते 1983 ह्या काळांत चामराजनगर व सत्यमंगलमकडील रानांत हत्तींच्या चरण्याचा अभ्यास केला. त्यांत असें आढळलें कीं, एक वयांत आलेला नर वर्षांतून सरासरी 49 रात्रीं पिकांत शिरतो, आणि माद्यापिल्लांच्या कळपांतील हत्ती सुमारें 8 रात्रीं. म्हणजे नुकसानीचा मोठा वांटा थोड्या नरांचा. वयांत येतांच नर आईच्या कळपांतून बाहेर पडतो, एकटा किंवा दोघेतिघे मिळून हिंडतो, व थोरल्या नरांच्या मागें राहून त्यांच्या संवयी उचलतो. अंग भरलें तर माद्यांपुढें त्याचें चालतें, म्हणून चांगल्या खाण्यासाठीं धोका पत्करणें त्यास परवडतें. आणि शेतांतलें खाणें चांगलें असतेंच. पावसाळा सरतांना रानांतलें गवत जून व निःसत्त्व होतें, नेमकी त्याच वेळीं नाचणी फुलोऱ्यास येते. तींत रानगवतापेक्षां सत्त्वांश व क्षार अधिक. हत्ती नाचणींत येतो तो उगाच खोडी म्हणून येत नाहीं, हें समजून घेतलें पाहिजे. आणि मोटारींपुढें सोंड पसरून उभे राहणारे हत्तीहि बहुधा असे नरच असतात.

तिसऱ्या खेपेस आम्ही गुंडलुपेटच्या बाजूस एका खेड्यांत मुक्काम केला. आमच्यांतील एक गृहस्थ गडहिंग्लजकडचे, त्यांस कानडी चांगलें येत असल्यामुळें बोलणें शक्य झालें. ज्यांच्या घरीं उतरलों त्यांची चार एकर कोरडवाहू जमीन रानाच्या कडेस आहे. तींत नाचणी, हुलगा व थोडीशी हरळ्याची ओळ — म्हणजे एरंडी. (तिकडे एरंडी बांधावर लावितात, कारण तिला जनावर तोंड लावीत नाहीं.) शेताच्या कोपऱ्यांतील झाडावर त्यांनीं माळा बांधिला होता. नाचणी पोटरीस आल्यापासून घरीं येईपर्यंत रोज रात्रीं घरचीं दोन माणसें त्या माळ्यावर जागतात; हातांत विजेरी, थोडे फटाके, आणि खालीं शेकोटी. रानाच्या हद्दीवर खंदक आहे, पण नाल्याच्या मुखाशीं तो दर पावसाळ्यांत गाळानें भरतो, व हत्ती कांठ पायानें ढांसळून उतार करून घेतो. सौर विजेचें कुंपण आहे, पण सुळ्यांतून वीज जात नाहीं हें नर शिकला आहे; सुळ्यानें तार तोडितो, नाहीं तर वाळकें लांकूड तिच्यावर टाकितो. कर्नाटक सरकारनें कांहीं ठिकाणीं आगगाडीच्या जुन्या रुळांचें कुंपण घातलें आहे, तेवढें मात्र बरें टिकतें असें ते म्हणाले. एका रात्रींत अर्धा एकर नाचणी खाऊन व तुडवून गेल्याची खूण त्यांनीं आम्हांस दाखविली. खाल्लेल्यापेक्षां तुडविलेलें अधिक होतें.

जेवतांना त्यांनीं आम्हांस विचारिलें, "तुम्हीहि शेतकरीच ना? मग तुमच्याकडच्या गाड्या रस्त्यावर हत्तीस खायला कां घालितात? जो दिवसां तुमच्या मोटारीजवळ येतो तोच रात्रीं आमच्या माळ्याखालीं येतो. पूर्वीं विजेरी दाखविली कीं वळत असे. आतां उजेड दिसला तर जवळ येतो. त्यास वाटतें, कोणी कांहीं आणिलें आहे." आमच्या मंडळींपैकीं कोणापाशींहि ह्याचें उत्तर नव्हतें.

ऊंस पिकविणाऱ्या वाचकांनीं दुसरें एक उदाहरण पाहावें. ह्या रानाच्या पूर्वेस तामिळनाडूंतील ताळवाडीच्या पठारावर ऊंस होतो, आणि तो सत्यमंगलमकडील कारखान्यास मालमोटारींनीं जातो. वाटेंत हासनूर व कारापल्लम ह्यांच्या आसपास रान लागतें. मालमोटारवाल्यांनीं गाडीवरून मोळी-दोन मोळ्या कडेस टाकण्याचा प्रघात पाडिला. कोणी भक्तीनें, कोणी भीतीनें, कोणी वजन हलकें करावें म्हणून. परिणाम असा झाला कीं हत्ती रस्त्यावर उभे राहून उंसाच्या गाडीची वाट पाहूं लागले, गाडी अडवूं लागले, वरून ऊंस ओढूं लागले. मग वन खात्यानें ऊंस टाकणारांस दंड ठेविला, व भार ठराविक उंचीवर जाऊं नये म्हणून नाक्यावर कमान उभारिली. आपल्याकडे ऊंसवाहतुकीच्या मागें धांवून पोरें कांडकें ओढतात तें आपण हंसून सोडून देतों. चार हजार किलोचें पोर ओढूं लागलें म्हणजे हंसूं येत नाहीं.

सिंहलद्वीपांत उडवलवे म्हणून अभयारण्य आहे. तेथें रस्त्याच्या कडेनें विजेचें कुंपण असून पलीकडे हत्ती रांगेनें उभे राहतात व प्रवासी त्यांस फळें चारितात. शर्मिन डिसिल्वा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तेथील व आपल्या मुदुमलैलगतच्या सिगूर भागांतील अशा हत्तींविषयींचा अभ्यास 2025 सालीं प्रसिद्ध केला. चारण्याच्या ह्या छंदापायीं माणसेंहि मेलीं व हत्तीहि मेले, आणि हत्तींच्या पोटांत अन्नाबरोबर प्लॅस्टिकहि गेलें, असें त्यांत दिसून आलें.

मेलेल्या हत्तींचा विषय निघाला म्हणून मसिनगुडीची हकीकत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. हें गांव मुदुमलैच्या पलीकडे सिगूरच्या पठारावर, हत्तींच्या जाण्यायेण्याच्या वाटेवरच वसलें आहे. प्रवाशांस हत्ती जवळून दिसावे म्हणून तेथें उतारूगृहें व रिसॉर्टें वाढलीं. 2020 च्या ऑक्टोबरांत सर्वोच्च न्यायालयानें ती हत्तींची वाट मोकळी राहिली पाहिजे असा निर्णय दिला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आंत, 2021 च्या जानेवारींत, एक हत्ती असल्याच एका उतारूगृहापाशीं आला असतां तेथल्या माणसांनीं त्याच्यावर पेटता टायर फेंकला. तो त्याच्या कानास चिकटून जळत राहिला. हत्ती मेला. ज्या जनावरास पाहण्याचे पैसे प्रवाशांकडून घ्यावयाचे, त्यासच तें जवळ आलें म्हणून जाळावयाचें, ह्यांतला विसंगतपणा कोणाच्याहि लक्षांत येईल. प्रवासी मात्र त्या वेळीं तेथें नसतो; त्यानें छायाचित्र काढून घरची वाट धरिलेली असते.

हें सर्व दूरच्या मुलखाचें आहे असें कोणी म्हणूं नये. सिंधुदुर्गांतील दोडामार्ग तालुक्यांत कर्नाटकाच्या बाजूनें हत्ती आले त्यास 2002 सालापासून पुष्कळ वर्षें लोटलीं. माड, पोफळी, केळी, भात ह्यांची तेथें जी धूळधाण झाली ती तिळारीच्या खोऱ्यांतील बागाईतदारांस विचारावी. 2025 च्या एप्रिलांत त्याच तालुक्यांत एका वृद्ध शेतकऱ्याचा हत्तीनें बळी घेतला. त्याच वर्षीं पावसाळ्याच्या अखेरीस ओंकार नांवाचा एक तरुण नर कळपांतून फुटून सावंतवाडीकडे व गोव्याच्या पेडणें तालुक्यांत हिंडत होता, तेव्हां त्याच्यामागें बघ्यांचे थवे मोबाईल घेऊन फिरत होते. कोणी आरडाओरड करी, कोणी फटाके लावी. वयांत येणारा हत्ती कोणत्या संवयी उचलील हें ठरण्याचा जो काळ, त्या काळांत आपण त्यास काय शिकविलें ह्याचा विचार व्हावा. चंदगड व आजरा ह्या बाजूच्या वाचकांस हें अधिक फोड करून सांगावयास नको.

आमची नोकरी महसूल खात्यांत कारकुनींत गेली. पिकांच्या नुकसानीचे पंचनामे आम्हीं किती लिहिले त्याची गणती नाहीं, आणि म्हणून एक गोष्ट अधिकारानें सांगूं शकतों. पंचनाम्यांत गुंठे येतात, झाडांची संख्या येते, बाजारभाव येतो. माळ्यावर जागून काढलेल्या रात्रींस त्यांत रकाना नाहीं. दुसऱ्या दिवशीं औत धरतांना आलेल्या झांपेस रकाना नाहीं. "ह्यापुढें त्या तुकड्यांत पेरणारच नाहीं" असें म्हणून पडीक टाकलेल्या जमिनीस तर मुळींच नाहीं. आणि माड पंधरा वर्षांचा असो कीं दोन वर्षांचा, एका रात्रींत आडवा झाल्यावर त्याच्या पुढील चाळीस वर्षांच्या उत्पन्नाची भरपाई कोणत्या दरानें करावयाची, ह्यावर आम्हीं वरिष्ठांस विचारिलें असतां समाधानकारक उत्तर कधीं मिळालें नाहीं. देशांत दरवर्षीं पांचशेंहून अधिक माणसें हत्तींमुळें प्राणास मुकतात, व त्यांत बहुतेक शेतकरी, शेतमजूर आणि रानाकडेचे गरीब लोक असतात. जें जनावर जवळ येऊं लागलें, तें कोणाच्या जवळ येणार हें ह्यावरून उघड होतें.

ह्यावर आमचे एक वृद्ध स्नेही म्हणाले कीं, गणपतीस नैवेद्य दाखविण्यांत पाप कसलें? त्यांच्या भक्तीविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु नैवेद्य स्वतःच्या ताटांतला दाखवावयाचा असतो. येथें एक केळें आपलें जातें, आणि उरलेला नैवेद्य गुंडलुपेटच्या शेतकऱ्याच्या नाचणीचा होतो, त्याच्या संमतीवांचून. दुसरे कोणी म्हणतात, आम्ही एकट्यानें न दिल्यानें काय होणार, मागून येणारा देणारच. पाटाचें पाणी फोडणाराहि हेंच म्हणतो.

जवळून हत्ती पाहण्याची हौस ज्यांस आहे त्यांनीं ती अवश्य पुरवावी. आम्हांसहि ती आहे. मुदुमलैंत तेप्पक्काडु येथें वन खात्याची हत्तींची छावणी आहे. तेथें माहूत पाळीव हत्तींस नाचणी व हुलग्याचे मोठाले गोळे, गूळ, नारळ घालून चारितात, व तें ठरलेल्या वेळीं पाहूं देतात. एकेका गोळ्याचें माप, कोणास औषध द्यावयाचें, कोणाचें वजन वाढलें, हें सर्व फळ्यावर लिहिलेलें पाहून आमच्यासारख्या कारकुनास फार संतोष झाला. त्या हत्तींपैकीं पुष्कळांचें काम पिकांत शिरणाऱ्या रानहत्तींस मागें लोटणें हें आहे. म्हैसुरच्या दसऱ्यांत 2012 पासून 2019 पर्यंत आठ वेळां सोन्याची अंबारी वाहणारा अर्जुन 2023 च्या डिसेंबरांत हासन जिल्ह्यांत अशाच एका मोहिमेंत रानहत्तीशीं झुंजतांना मेला. दसऱ्याची मिरवणूक पाहून आलेल्या आपल्या मंडळींपैकीं किती जणांस हें ठाऊक असेल?

आणि रानांतील रस्त्यावर हत्ती भेटलाच तर काय करावें, तें तेथील वनरक्षकांनीं आम्हांस सांगितलें तसें येथें देतों. मोटार लांबच थांबवावी, त्यास ओलांडण्यास वाट मोकळी ठेवावी, शिंग वाजवूं नये, दिव्यांची उघडझांप करूं नये, व कोणत्याहि कारणानें खालीं उतरूं नये. हत्तीस दिसतें बेताचें, पण वास व आवाज त्यास फार लांबून कळतो. कान पसरून ताठ उभा राहिला, धूळ उडवूं लागला, शेपूट उचललें, तर सावकाश मागें सरावें; पळणाऱ्या माणसास तो सहज गांठतो. मादी व पिल्लूं ह्यांच्यामध्यें मोटार कदापि घालूं नये. एकटा नर असून त्याच्या गालफडाच्या वरच्या बाजूस, डोळा व कान ह्यांच्यामध्यें ओलसर काळा ओघळ दिसला, तर तो माजावर आहे असें समजावें आणि पाहण्याची हौस तेथेंच सोडून द्यावी.

आपल्या संघातर्फे ज्या सफरी निघतात त्यांच्या सूचनापत्रकांत ह्या गोष्टी छापाव्या, व मोटार ठरवितांनाच मोटारवाल्यास स्पष्ट सांगावें कीं रानांत गाडी उभी करून हत्ती दाखविल्याबद्दल बक्षीस मिळणार नाहीं. कारण ह्या बक्षिसासाठींच पुष्कळदां गाडी थांबते. म्हैसूर दुपारपूर्वीं सोडावें, म्हणजे उजेडांत रान ओलांडून होतें. वाटेंत नंजनगुड लागतें. तेथील रसबाळे केळें फार नांवाजलेलें आहे, तें जरूर घ्यावें, आणि गुंडलुपेट येण्यापूर्वीं मोटारींतल्या मंडळींनींच खाऊन संपवावें.